दालचिनीचं पाणी

९ मार्च

टाचणी,

फोन वाजला की तुला माझं नाव दिसतं आणि तू तो उचलत नाहीस. पाकिटाचं तसं नसतं. अक्षरावरून कोणाचं ते तू ओळखशील, पण हातात आलेलं पाकीट माणूस फाडतोच, या भरवशावर लिहायला बसले आहे.

बाबांना जाऊन सात महिने झाले. तू दोन दिवस आलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी दालचिनीची बरणी मोरीत उपडी केलीस, नळ सोडलास, बरणी घासून पुसून पुन्हा फळीवर ठेवलीस आणि बॅग उचललीस. एक शब्द बोलली नाहीस. चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मोरीला आठ दिवस वास येत होता.

गेल्या रविवारी मी जावईबापूंना फोन केला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, "आई, तुमच्यावरचा तिचा राग दालचिनीपुरता आहे. तो आज ना उद्या जाईल. बाबांवरचा जात नाही. ती म्हणते, मी पत्रात हात जोडून लिहिलं होतं की डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. त्यांचं उत्तर आलं, त्यात दुनियेच्या गोष्टी होत्या, याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझं बोलणं त्यांनी चिंधीसारखं टाकून दिलं. आई, ती त्यांचा फोटोसुद्धा लावू देत नाही."

मी बरं म्हणून फोन ठेवला.

टाचणी, तुझ्या त्या पत्राबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. सांगितलं नाही तर तू जन्मभर बाबांवर रुसून राहशील. सांगितलं तर तू माझी राहशील की नाही, मला ठाऊक नाही. आज माझ्याने सांगवत नाही. पण सांगायचं आहे एवढं आज लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

दुकान चालू आहे. नवीन कपडे मी घेत नाही. चेन बदलणं, पॅन्टची लांबी कमी करणं, उसवलेलं शिवणं, एवढंच. लोक अजून दारात उभे राहून "मास्तर आहेत का?" विचारतात आणि मग जीभ चावतात. मला त्यांचीच दया येते.

आई


१७ मार्च

टाचणी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

आधी दालचिनीचं सांगते. ते तुला माहीत आहे, म्हणून सांगायला सोपं.

बाबांचं पोट मशीनच्या फळीला टेकायला लागलं होतं. खुर्ची मागे घेतली की पाय खाली पायट्यापर्यंत पोचत नसत. पाय ताणून पुढे केला की गुडघा ओरडायचा. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, माझ्या सफारीला कापड कमी पडलं म्हणता, ते तुमच्याच अंगावर दिसतंय की!" बाबा त्याच्यापेक्षा मोठ्याने हसले. तो गेल्यावर मला म्हणाले, "दुसऱ्याच्या पायाचं माप घ्यायला वाकलो ना, की मला माझाच श्वास ऐकू येतो गं." ज्या माणसाला दारावरची थाप ऐकू येत नव्हती त्याने हे म्हटलं, म्हणून मला ते लागलं.

पुस्तक रद्दीतलं होतं. तुला माहीतच आहे, कटिंगचे नमुने कापायला आपण रद्दी आणायचो आणि मी वाचायला शिकले ती त्याच रद्दीवर. बाबा बाहीचा आकार कापून घ्यायचे आणि उरलेला कागद मला द्यायचे. कितीतरी बातम्या मी बगलेच्या गोलाईपर्यंतच वाचल्या आहेत. खून झाला हे कळायचं, कोणी केला ते बाहीबरोबर निघून गेलेलं असायचं. बाबांना आकडे येत, अक्षरं येत नसत. कधी कधी मशीन थांबवून म्हणायचे, "वाच काहीतरी, कान गंजले." घरात वाचणारी मी एकटी. मग तू शाळेत गेलीस आणि दोघी झालो.

त्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. घरच्या औषधांचं होतं. पान एकशे बारा. दालचिनीने वजन उतरते, साखर ताब्यात राहते, सांधे मोकळे होतात, पचन सुधारते, मन प्रसन्न राहते. एका सालीने एवढं सगळं होतं म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, प्रकृतीत अचानक फरक पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. तीच ओळ लसणाच्या पानावर होती, मधाच्या होती, कोमट पाण्याच्याही होती. पानाच्या नंबरासारखी मी ती ओलांडून गेले.

बोटभर लांबीची साल संध्याकाळी भिजत घालायची, सकाळी पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचं, कोमट झालं की चमचाभर मध, रिकाम्या पोटी. पहिल्या दिवशी बाबा पेल्यात डोकावून म्हणाले, "लाकूड उकळून पाजतेस? मशीनची फळी तेवढी ठेव हो, धंदा आहे."

दर रविवारी माप. टेप मला धरू देत नसत. "तू ढिला धरतेस, बायको म्हणून सूट देतेस." गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत त्यांनी स्वतःचं पान काढलं. वर नाव काय घालू विचारलं, तर म्हणाले, "'स्वतः' लिही." मी लिहिलं. कंबर चव्वेचाळीस.

पहिले पाच रविवार टेप हलला नाही. मग साडेत्रेचाळीस. मग बेचाळीस. मग एकदम चाळीस. त्यांनी स्वतःची पॅन्ट उसवली, खडूने खुणा केल्या, कंबर आत घेतली आणि गिऱ्हाइकांच्या आरशासमोर आडवे उभे राहिले. "इतकी वर्षं या आरशात दुसरेच बघत होते," म्हणाले. त्यांना इतकं खूश मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

जेवण कमी झालं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की भूक ताब्यात येते. पाठ दुखत होती. पाठीचं पान वेगळं होतं, मी तेही वाचलं. प्रत्येक गोष्टीला पान होतं, टाचणी.

आई


२९ मार्च

आज इस्त्रीवालीकडे गेले होते, समोरच्या गाळ्यात. ती तुझी चौकशी करते. मी म्हणते, बरी आहे, कामात आहे.

गेले ते कागद काढून आणायला. कसला कागद ते तुला माहीत नाही. बाबा बारीक व्हायला लागले तसे लोक विचारायला लागले, मास्तर काय घेतात? मी नमुन्याच्या जाड कागदाचे तुकडे घेतले आणि सुवाच्य अक्षरात सगळी कृती लिहून दिली. अकरा जणांना. माझ्या हातचं लिखाण लोक घरी नेऊन भिंतीला चिकटवतात याचं मला केवढं अप्रूप वाटायचं, ते तुला सांगून कळणार नाही. तू लहानपणापासून लिहितेस.

आता एकेकाकडे जाऊन ते परत घेते आहे. आठ मिळाले. इस्त्रीवालीचा नववा.

"अहो मास्तरीणबाई, असू दे की तिथंच," ती म्हणाली. "माझी काय तक्रार आहे? कोळशाच्या वासापेक्षा त्या पाण्याचा वास बरा."

"काढ गं तो."

"काढते. पण खरं सांगू? सहा महिने प्यायले, इंचभर हलले नाही. उलट मधानं दोन किलो चढले असतील! नवरा म्हणतो, दालचिनी बंद कर नाहीतर दार मोठं करावं लागेल." ती हसत होती, हात चालू होता. "आणि माझं सोडा. त्या पाववाल्याचं उतरलं? शाळेतल्या बाईंचं उतरलं? तुम्ही एवढ्यांना लिहून दिलंत, उतरलं ते एका मास्तरांचंच."

आपण काय बोललो हे तिच्या तोंडून निघून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती माझ्याकडे बघत राहिली. इस्त्री तशीच कापडावर राहिली आणि कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर तिचा तांबूस ठसा उमटला. मी म्हटलं, "अगं, जळतंय." मग आम्ही दोघी त्या सदऱ्याच्या मागे लागलो, पाणी काय, लिंबू काय. तेवढाच आधार झाला.

तिने काही नवीन सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत मी स्वतः अकराही जणांना गाठून विचारायची, उतरलं का? एकजात सगळे नाही म्हणायचे. मी म्हणायची, तुम्ही मनापासून घेत नाही. अकरा माणसांना खोटं ठरवलं मी, आणि एका टेपला खरं.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, दालचिनीने झालं का? ते म्हणाले, "बाई, दालचिनीने हा आजार होत नाही आणि बराही होत नाही. आजार पोटात होता, अंग तोच खात होता. चार महिने आधी आला असतात तर..." पुढचं ते बोलले नाहीत, आणि मी बोलायला लावलं नाही. कसलाही दिलासा ते देऊ शकले नसते, पण चार महिन्यांचा आकडा त्यांनी दिला. तुझं पत्र आलं त्याला तेव्हा चार महिने होत आले होते.

आई


६ एप्रिल

टाचणी,

बाबा असताना तू शेवटची आलीस तेव्हाचं सांगते, मग पत्राचं.

तू दारातून आत आलीस आणि बाबांच्या गळ्याकडे बघत राहिलीस. कॉलर बंद असूनही मध्ये दोन बोटं जातील एवढी जागा होती. बाबा म्हणाले, "काय, ओळखलं नाहीस ना?" तू हसलीस. मग दुकानात गिऱ्हाईक आलं, बाबा माप घ्यायला गेले आणि तू माझ्यामागे स्वयंपाकघरात आलीस.

"आई, हे काय चाललंय? किती उतरलेत ते!"

मी पुस्तक दाखवलं. वही दाखवली. मला वाटलं तू म्हणशील, वा आई. तू पान एकशे बारा उभ्याउभ्या वाचलंस, माझ्यासारखं बोट ठेवून नाही, नुसत्या डोळ्यांनी, पाणी प्यावं तसं. आणि म्हणालीस, "आई, छापलेलं सगळं खरं नसतं गं."

तू वाईट बोलली नाहीस. हळूच बोललीस. मलाच ते झोंबलं. मी म्हटलं, "चार बुकं शिकलीस म्हणून आईला अक्कल शिकवू नकोस. माझ्या हातून काही चांगलं झालेलं तुला बघवत नाही." तू म्हणालीस, "मी रोज लोकांचं रक्त तपासते, आई. मला भीती वाटते." मी म्हटलं, "तर मग तिथंच तपास. माझ्या घरात नको."

तू बॅग उचललीस. दुकानातून जाताना बाबांच्या पाठीवर हात ठेवलास. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, गिऱ्हाईक उभं होतं, त्यांनी नुसती मान हलवली. तू गेल्यावर त्यांनी विचारलं, "आत काय म्हणत होती? लगेच निघाली?" मशीनजवळून त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मी म्हटलं, "तिला सुट्टी नाही." ते म्हणाले, "फुगून गेली वाटतं."

पुढचं उद्या लिहिते. दिवसाउजेडी, दुकान उघडण्याआधी.

आई


७ एप्रिल

तुझं पत्र बारा दिवसांनी आलं.

पत्रं आधी मी एकटी वाचायची, स्वयंपाकघरात, मनातल्या मनात. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मोठ्याने वाचताना मी अडखळते, जोडाक्षर आलं की थबकते, आणि बाबांसमोर मला थबकायचं नसायचं. म्हणून आधी एकदा वाट तुडवून घ्यायची आणि मग त्यांच्यासमोर झरझर वाचायचं. ते म्हणायचे, "कशी नदीसारखी वाचतेस!" त्या एका वाक्यासाठी मी हे वर्षानुवर्षं करत आले.

तेव्हा त्या पत्रात काय आहे हे बाहेर दुकानात येण्याआधी मला माहीत होतं. तिसरा परिच्छेद. मला तो पाठ आहे, तरी समोर ठेवून उतरवते:

"बाबा, तुमचं वजन असं उतरणं मला बरं लक्षण वाटत नाही. हात जोडते, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या. आईच्या पुस्तकावर जाऊ नका. तिला वाचता येतं, पण वाचलेलं पारखता येत नाही."

बाबांनी मशीन थांबवलं, हात मांडीवर ठेवले आणि चांगला कान माझ्याकडे केला. मी पहिला परिच्छेद वाचला, तुझ्या नव्या घराच्या पायऱ्यांचा. दुसरा वाचला, तिकडच्या न सरलेल्या थंडीचा. आणि तिथून थेट चौथ्यावर गेले, जावईबापूंच्या बदलीवर. अडखळले नाही. वाट तुडवलेली होती.

मी तुझा तो परिच्छेद बाबांना वाचून दाखवला नाही, टाचणी. त्यांना तो कधी कळलाच नाही. त्यांनी तुझं बोलणं टाकलं नाही, त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. मी पोचू दिलं नाही.

शेवटची दोन वाक्यं गाळून पहिली दोन वाचता आली असती. हे मला आज सुचतंय असं समजू नकोस, तेव्हाही सुचलं होतं. पण पहिली दोन वाचून ते डॉक्टरांकडे गेले असते आणि काही निघालं असतं, तर शेवटची दोन खरी ठरली असती. माझ्याच आवाजात, माझ्या नवऱ्यासमोर, मला पारखता येत नाही हे मला वाचायचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी. कारण मोठं असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी उत्तर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पायऱ्या जपून चढ. स्वेटर पाठवू का. कंबर अडतीस झाली, आता रस्त्यात भेटलो तर ओळखणार नाहीस. तू ते वाचून काय समजलीस, ते जावईबापूंनी सांगितलं तेव्हा मला कळलं. तू एकदाच फोन केलास; बाबांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून मलाच विचारलंस, "बाबांनी पत्र ऐकलं ना?" मी म्हटलं, "ऐकलं." ते खोटं नव्हतं, म्हणून फार सोपं गेलं. त्यानंतर तू फोन करणं बंद केलंस.

इस्त्रीवालीने बाबांचे डोळे पिवळे दिसतात म्हटलं, तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे ते अठरा दिवस होते; तुला मी शेवटीच कळवलं. त्या अठरा दिवसांत माझ्या पिशवीत तुझं पत्र होतं. रोज वाटायचं, आज सांगावं. डबा उघडायची, पाणी द्यायची, चादर नीट करायची. त्यांनाही मी सांगितलं नाही. ते माझ्यावर समाधानी होऊन गेले. नर्सला म्हणाले होते, "आमच्या हिने मला फार जपलं."

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्यावर घडीच्या खुणा जास्त दिसतील.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. बाबांचा फोटो मात्र लाव.

आई


२६ एप्रिल

टाचणी,

काल तुझं कार्ड आलं. मायना नाही, खाली नाव नाही. एक ओळ. "तेवढा परिच्छेद सोडून राहिलेलं पत्र ऐकून बाबा काय म्हणाले होते, तेवढं कळव."

तू हे विचारशील असं मला वाटलं नव्हतं. विचारू नयेस असंही वाटत होतं. मागच्या पत्रात मी सगळं सांगितल्यासारखं केलं, पण एवढं ठेवून दिलं होतं. आता तू विचारलं आहेस, तर आडपडदा ठेवत नाही.

वाचून झाल्यावरही त्यांनी कान माझ्याकडेच ठेवला. मग म्हणाले, "संपलं?"

मी म्हटलं, "संपलं."

"माझ्या तब्येतीचं काही नाही विचारलं?"

"नाही."

"एवढी दारातून बघत राहिली होती, आणि काहीच नाही?" त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. "पुन्हा एकदा वाच बघू. सावकाश वाच."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तिथूनच उडी मारली. ते म्हणाले, "अजून फुगलेली दिसते." मग उत्तर सांगायला बसले आणि कंबर अडतीस झाल्याचं मुद्दाम घालायला लावलं. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "घाल गं. ते वाचून तरी विचारेल, बाबा, एवढे कसे उतरलात?" तुला ती फुशारकी वाटली. ते तुझ्या विचारण्याची वाट बघत होते.

तीन आठवडे पोस्टमन दिसला की मशीन थांबायचं.

मग एक रविवार आला. माप छत्तीस निघालं. मी वहीत लिहायला पेन्सिल घेतली तर म्हणाले, "राहू दे." टेप गळ्यात तसाच ठेवून खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मला काही हे ठीक वाटत नाही गं. पाठ बसू देत नाही, पोट जेवू देत नाही. दाखवून यावं का?"

आत चुलीवर त्यांच्यासाठी पाणी उकळत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला वाटत असेल तर जाऊ."

हे मी म्हटलं, टाचणी. तेवढं म्हटलं. पण जोर लावून म्हटलं नाही, आणि त्यांना माझा सूर ऐकू यायचा, शब्द आले नाहीत तरी.

त्यांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग मान हलवली. म्हणाले, "नको. काही असतं तर टाचणी बोलली असती. ती रोज हेच बघते, तिने मला डोळ्यांनी बघितलंय. फुगली असली तरी एवढं सांगितल्याशिवाय राहिली नसती. ती काही म्हणाली नाही, म्हणजे काळजीचं नसणार."

आणि उठून मशीनवर बसले.

तुझं पत्र तेव्हा बटणांच्या खणात होतं, त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. मी पेल्यात पाणी गाळलं, मध घातला आणि त्यांच्यापुढे ठेवलं. पिवळे डोळे दिसायला त्यानंतर अकरा आठवडे गेले.

तुला कळवायचं होतं ते हे. बाबांनी तुझं म्हणणं कधी मोडलं नाही. तू काही म्हणाली नाहीस, यावरसुद्धा ते विसंबून राहिले, आणि ते न म्हणणं तुझं नव्हतं, माझं होतं.

आई